दादाची इयत्ता कोणती?

१८९६ च्या नोव्हेंबरात 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी एका मुलाची हकीकत छापली. मुलगा इंग्लंडमधल्या ससेक्सचा, नाव पर्सी, वय चौदा. खेळात चपळ, बोलण्यात चुणचुणीत, आकडे बिनचूक ओळखणारा. सातव्या वर्षापासून शाळेत आणि शिकवण्यांमध्ये त्याच्यावर मेहनत चालली होती, तरी अगदी छोटे शब्दसुद्धा त्याला धड वाचता येत नव्हते. स्वतःचं नाव लिहितानाही त्याने दोन अक्षरांची अदलाबदल केली आणि चूक दाखवेपर्यंत ती त्याच्या ध्यानात आली नाही. त्याच्या मास्तरांचं मत मॉर्गन यांनी आवर्जून नोंदवलं आहे. शिक्षण सगळं तोंडी असतं, तर हाच मुलगा शाळेत पहिला आला असता.

डिस्लेक्सियाच्या इतिहासातली ही अगदी सुरुवातीची नोंद. ती चौदा वर्षांच्या मुलाची आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे हा विषय घराघरांत पोचवला तो 'तारे जमीं पर' या चित्रपटाने, २००७ साली. त्यातला ईशान तिसरीतला. त्यामुळे 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हटलं की डोळ्यांसमोर उलटी अक्षरं काढणारा लहान मुलगा येतो. मिसरूड फुटू लागलेला, आवाज फुटलेला, 'मला कंटाळा आलाय' एवढंच म्हणून खोलीचं दार लावून घेणारा मुलगा येत नाही. खरं तर अडचण सर्वांत जास्त बोचते ती याच वयात. आठवीपर्यंत नापास न करण्याचं धोरण आपल्याकडे बरीच वर्षं होतं. त्याच्या आडोशाला मूल वरच्या वर्गात सरकत राहायचं आणि नववीत, जाड पुस्तकं आणि लांब उत्तरं समोर आली, की एकदम उघडं पडायचं. २०१९ मध्ये कायदा बदलून पाचवी आणि आठवीला परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली. पण परीक्षा घेतल्याने अडचण कळते, सुटत नाही.

अशा वेळी काही आईबाप मुलाला शाळेतून काढून घरी शिकवायचं ठरवतात. बहुतेक घरांत तो एकटा नसतो. समजा, चौदा वर्षांचा दादा आहे, नऊ वर्षांची बहीण आहे आणि सहा वर्षांचं शेंडेफळ. तिघंही घरी शिकणार. होमस्कूलिंगवर जे लिहिलं-बोललं जातं ते बहुधा एका मुलाला धरून असतं, नाही तर एका हुशार मुलाला. तीन वयं, त्यातल्या मोठ्याला वाचता येत नाही आणि मधली त्याच्या पुढे निघून चालली आहे, हा गुंता कुणी फारसा सोडवत नाही. तो सुटू शकतो. त्यासाठी आधी एक गाठ सोडावी लागते, वय आणि इयत्ता यांची.

अध्ययन अक्षमता, म्हणजेच 'लर्निंग डिसॅबिलिटी', याचा अर्थ बुद्धी कमी असणं नव्हे. बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली, डोळे-कान ठीक, शिकायची संधीही मिळालेली, आणि तरीही वाचन, लेखन किंवा गणित या ठरावीक कामांत मेंदू अडखळतो. वाचनाची अडचण ती डिस्लेक्सिया, लेखनाची डिस्ग्राफिया, आकड्यांची डिस्कॅल्क्युलिया. बऱ्याच मुलांत यांतल्या दोन एकत्र असतात आणि जोडीला लक्ष टिकण्याची अडचणही असते. डिस्लेक्सियाचं मूळ बहुतेक वेळा डोळ्यांत नसतं. बोललेल्या शब्दाचे ध्वनी सुटे करणं आणि ते चिन्हांशी झटपट जोडणं, हे काम मेंदूला जड जातं. म्हणून चष्मा बदलून किंवा 'नीट बघ, नीट बघ' असं ओरडून काही होत नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या निदानांनीही होत नाही. 'हुशार आहे पण आळशी आहे' हे त्यातलं सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी.

फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या दोन संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाची एक सोपी मांडणी केली. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. मुद्दा त्या गुणाकारात आहे. दोनांपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य येतं, पण दुसरी संख्या मोठी असू शकते. दादाला पाचवीचा परिच्छेद वाचता येत नाही, म्हणून त्याला पाचवीचंच समजतं असं नाही. तोच मजकूर वाचून दाखवला तर तो नववीचे प्रश्न विचारतो. शाळेत या दोन गोष्टी वेगळ्या करायला वाव नसतो, कारण तिथे शिकण्याचा दरवाजा एकच, पुस्तक. घरात तो वाव असतो, आणि घरी शिकवण्याचं मला पटणारं सर्वांत मोठं कारण हेच आहे. वाचायला शिकणं त्याच्या वाचनाच्या पातळीवर, आणि इतिहास, विज्ञान, भूगोल त्याच्या वयाच्या पातळीवर, कानांनी, हातांनी, चर्चेने. हे दोन धागे वर्षभर वेगळे ठेवायचे. ते गुंतले की विज्ञानाच्या तासाचा वाचनाचा तास होतो आणि मुलगा दोन्हींना मुकतो.

कीथ स्टॅनोविच या संशोधकांनी त्याच वर्षी दाखवलेली गोष्टही इथे लक्षात घ्यावी. ज्याला वाचता येतं तो जास्त वाचतो, त्याचे शब्द वाढतात, त्यामुळे पुढचं वाचन आणखी सोपं होतं. ज्याला येत नाही तो टाळतो, आणि दरी रुंदावत जाते. चौदाव्या वर्षापर्यंत ही दरी पुष्कळ रुंद झालेली असते. ती भरून काढायला रोज ऐकणं हवं. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. मराठी ऑडिओबुकं आता बरीच मिळतात. रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या कुणीतरी मोठ्याने वाचावं आणि तिघांनी ऐकावं. सहा वर्षांच्याला त्यातलं अर्धंच कळेल, चालतं.

मग वाचायला शिकवायचं कसं? १९३० च्या दशकात अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी घालून दिलेली वाट आजही रुळलेली आहे. ध्वनीपासून सुरुवात, सोप्याकडून अवघडाकडे ठरलेला क्रम, मागचं पक्कं झाल्याखेरीज पुढे नाही, आणि पाहणं, ऐकणं, उच्चारणं, बोटाने गिरवणं हे सगळं एकाच वेळी. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवत ते मोठ्याने म्हणणारी आपल्याकडची पूर्वीची पोरं यातलं बरंच काही नकळत करत होती.

मात्र इंग्रजीसाठी केलेली पुस्तकं मराठीला जशीच्या तशी लावता येत नाहीत. देवनागरीत चिन्ह आणि उच्चार यांचं नातं बऱ्यापैकी सरळ आहे, ही मोठी सोय. अडचणी दुसरीकडे आहेत. 'कि'मधली पहिली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. 'धर्म'मधला र उच्चारायचा म च्या आधी, पण त्याचा रफार बसतो म च्या डोक्यावर. जोडाक्षरांत अर्धी व्यंजनं रूप बदलतात. बाराखडी आणि जोडाक्षरं मिळून ओळखायच्या आकृत्या शेकड्यांनी होतात. ज्या मुलाला चिन्हांचा क्रम धरून ठेवणंच जड जातं, त्याला या जागा नेमक्या टोचतात. म्हणून 'मराठी वाचन कच्चं आहे' एवढं म्हणून थांबू नये. रफार अडतो, वेलांटी अडते की जोडाक्षर, ते आठवडाभर कान देऊन टिपावं आणि एका वेळी एकच जागा धरावी.

चौदा वर्षांच्या मुलासाठी आणखी एक वाट मराठीत फार उपयोगी पडते. आपले शब्द प्रत्यय लागून लांबत जातात. 'विद्यार्थ्यांच्यापर्यंत' हा शब्द समोर आला की त्याची नजर घाबरून पुढच्या ओळीवर उडी मारते. तोच शब्द 'विद्यार्थी', मग 'विद्यार्थ्यांच्या', मग 'विद्यार्थ्यांच्यापर्यंत' असा तीन पायऱ्यांनी बांधून दाखवला, तर शब्दाचा सांगाडा दिसतो. वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घ्यावा, त्यातल्या लांब शब्दांचे प्रत्यय पेन्सिलीने तोडावेत, मूळ शब्दाभोवती गोल करावा. हे बालवाडीचं काम वाटत नाही. व्याकरणाचं काम वाटतं, आणि ते तसं आहेही. या वयात कामाला पोरकट वास येता कामा नये. 'कमळ बघ' पुन्हा पुढ्यात ठेवलं की मुलगा हातातून गेलाच म्हणून समजा.

आणि इथेच धाकटी भावंडं उपयोगी पडतात. वाचन ओघवतं व्हायचं तर सोपा मजकूर पुन्हा पुन्हा वाचावा लागतो. जे सॅम्युअल्स या संशोधकांनी १९७९ मध्ये 'पुनर्वाचना'ची ही पद्धत मांडली आणि ती आजही वापरली जाते. पण चौदा वर्षांच्या मुलाने चित्रांचं सोपं पुस्तक चार वेळा का वाचावं? त्याचं एकच मानाचं कारण घरात असतं, सहा वर्षांच्या भावाला गोष्ट हवी असते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळ्या लावून ठेवल्या आहेत आणि त्या फुकट आहेत. दुसऱ्या पातळीची एक गोष्ट दादाने दुपारी आईजवळ बसून दोनदा वाचायची, अडलेले शब्द सोडवायचे आणि रात्री धाकट्याला वाचून दाखवायची. धाकटा स्वतःच 'परत वाच' म्हणतो. जे पुनर्वाचन शाळेत शिक्षा वाटलं असतं, ते इथे दादागिरीचा हक्क होतं. एकुलत्या एक मुलाला घरी शिकवणाऱ्यांकडे ही सोय नसते.

मोठ्याने धाकट्याला शिकवायचं हे आपल्या मातीत नवं नाही. अँड्र्यू बेल हे पाद्री १७८९ पासून मद्रासच्या एग्मोरमध्ये अनाथ मुलांची शाळा चालवत होते. जवळच्या एका देशी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली. ती रीत त्यांनी आपल्या शाळेत आणली आणि शिकवायचं काम मोठ्या मुलांवर सोपवलं. १७९७ मध्ये त्यावर त्यांनी पुस्तक काढलं आणि 'मद्रास पद्धत' म्हणून ती इंग्लंडभर गेली. शिकवणाऱ्याचं स्वतःचं शिकणं त्यात पक्कं होतं, हा अनुभव तेव्हापासूनचा.

पण दोन कुंपणं घालायलाच हवीत. पहिलं असं, की दादा म्हणजे बिनपगारी दाई नव्हे. आईला स्वयंपाकाला वेळ मिळावा म्हणून रोज दोन तास धाकट्याला त्याच्या गळ्यात मारलं, तर त्याला घरशाळेचा अर्थ लवकर कळतो आणि तो चिडतो तेही बरोबरच असतं. दुसरं कुंपण मधल्या बहिणीसाठी. ती झरझर वाचते. दादा 'कार्यकर्त्यांनी'वर अडखळला, की ती पुढून शब्द सांगून टाकते, निरागसपणे. म्हणून घराचा नियम असा असावा, की कुणीही वाचत असताना चूक सांगायची ती फक्त शिकवणाऱ्या मोठ्या माणसाने. हा नियम तिघांना सारखाच लागू. दादाचा वाचनाचा अर्धा-पाऊण तास तर बंद दाराआड, धाकटी दोघं खेळायला गेलेली असताना किंवा बाबांजवळ असताना व्हावा. तो मेंदू ताजा असताना, सकाळी. उरलेल्या दिवसावर पाणी पडलं तरी चालेल, तो अर्धा तास चुकू नये. आणि बहिणीला अडवूही नये. ती पुढे गेली तर जाऊ द्यावी, तिच्या वह्या मात्र दादाच्या समोर तोलू नयेत. 'बघ, ही तुझ्याहून लहान असून' या वाक्याने जे नुकसान होतं, ते कुठलाही रेमेडियल वर्ग भरून काढत नाही.

बाकीचा अभ्यास तिघांचा एकत्र. एकाच वेळी तीन इयत्ता सांभाळण्याचं शास्त्र आईबापांनी शोधून काढायला नको, ते आपल्या वस्त्यांवर आणि पाड्यांवर रोज चालू आहे. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत एक गुरुजी किंवा बाई दोन-दोन वर्ग एका खोलीत चालवतात. एका वर्गाला सोडवायला देऊन दुसऱ्याला समजावून सांगायचं, मग फिरून पहिल्याकडे. आंध्रातल्या ऋषी व्हॅली या शिक्षणसंस्थेने आपल्या खेड्यांतल्या शाळांसाठी यातूनच एक पद्धत बांधली. अभ्यासक्रमाच्या शिडीसारख्या पायऱ्या केल्या, प्रत्येक पायरीची कार्डं केली आणि प्रत्येक मूल आपापल्या पायरीवर. वर्ग एक, वेग ज्याचा त्याचा. त्याच धर्तीवर कर्नाटकात १९९० च्या दशकात 'नली कली' उभी राहिली आणि पुढे तमिळनाडूनेही हा मार्ग घेतला. गणितासाठी आणि मराठीसाठी घरात अशी कार्डं करून ठेवली, तर आईला तीन ठिकाणी एकाच वेळी असावं लागत नाही. कुणाच्या पुस्तकावर कोणती इयत्ता छापली आहे, हेही दिसत नाही.

विज्ञान-भूगोलात एक विषय आणि तीन पातळ्या. पाऊस घ्या. सरळ उभ्या कडांचा डबा गच्चीवर ठेवायचा. शेंडेफळाने रोज सकाळी पट्टी लावून पाणी किती मिलिमीटर भरलं ते सांगायचं. बहिणीने तक्ता भरायचा, महिन्याचा स्तंभालेख काढायचा. दादाचं काम वेगळं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी, हे त्याने लांबी-रुंदी-उंची मांडून स्वतः सिद्ध करायचं. मग घराचं छप्पर साठ चौरस मीटर असेल आणि काल पंचवीस मिलिमीटर पडला असेल, तर दीड हजार लिटर पाणी पन्हळीतून वाहून गेलं. दोनशे लिटरची साडेसात पिंपं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि घाट उतरून तीसेक किलोमीटरवरच्या वाईला त्याच्या पावपटही का पडत नाही, हे त्याने ऐकून-पाहून समजून घ्यावं आणि नकाशा काढून दोघांना समजावून सांगावं. यात त्याने वाचल्या असतील चार ओळी. पण विचार नववीचा केला. सगळ्यांत अवघड काम त्याच्याकडे होतं हे धाकट्यांनाही दिसलं, आणि घरातली त्याची जागा त्यावरून ठरते.

लिहून घेण्याचा हट्ट इथे धरू नये. बोललेलं उत्तर हे उत्तरच आहे. फोनवर मराठीत बोलून टंकलेखन होतं, ते त्याला शिकवावं. नंतर तोच मजकूर वाचून दुरुस्त करणं हा वाचनाचा उत्तम सराव होतो. शुद्धलेखनाचा तास वेगळा, निबंधाचा वेगळा. एकाच पानावर कल्पनाही आणि ऱ्हस्व-दीर्घही तपासायला बसलं, की मुलगा तीन शब्दांचीच वाक्यं लिहू लागतो.

गणितात मराठी मुलाची एक खास पंचाईत आहे. लिहायचं २३, म्हणायचं तेवीस, म्हणजे तीन आधी आणि वीस नंतर. ५९ म्हणजे एकोणसाठ, साठाला एक कमी, तर लिहिताना साठाचा पत्ताच नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस तीन' असं वाचन सुचवलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. केवढी टिंगल झाली, विधानसभेतही विषय गेला. टिंगल करणाऱ्यांना पाढे आपोआप येत असावेत. डिस्कॅल्क्युलिया असलेल्या मुलासाठी मात्र ही सूचना अगदी वाजवी होती, आणि घरात ती बिनधास्त वापरता येते. आधी 'पन्नास नऊ' म्हणून संख्या पक्की करायची, मग 'एकोणसाठ' हे तिचं नाव. आजोबांना पावकी-निमकीचा अभिमान असला, तरी या मुलाच्या हाती कॅल्क्युलेटर द्यायला कचरू नये. पाढा न आठवणं ही स्मरणाची अडचण आहे. शेकडा काढायचा की भागायचं, हे कळणं म्हणजे गणित. विजेचं बिल, आठवडी बाजार, किराण्याची यादी यांत ते रोज भेटतं.

आता कायदा आणि कागद. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, वय सहा ते चौदा. मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य असं त्यात म्हटलं आहे. न घातल्यास शिक्षा सांगितलेली नाही आणि होमस्कूलिंगचा उल्लेखही नाही. २०१२ च्या दुरुस्तीने घरी शिकण्याचा पर्याय दिला तो बहुविध आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना. डिस्लेक्सियाची मुलं त्यात येत नाहीत. मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारच्या अपंगत्वांमध्ये अध्ययन अक्षमता आली आणि सवलतींना कायद्याचा आधार मिळाला.

त्या सवलती मिळतात प्रमाणपत्रावर. खासगी समुपदेशकाचा अहवाल त्याला पुरत नाही, ठरवून दिलेल्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयातून तपासणी व्हावी लागते. मुंबईत सायन आणि नायर ही त्यासाठीची जुनी नावं. डोळे-कान, बुद्धिमापन, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या असा क्रम असतो आणि फेऱ्या बऱ्याच होतात. केंद्राच्या ४ जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेत आठ वर्षांनंतर प्रमाणपत्र, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी अशी रीत घालून दिली होती. म्हणजे त्या रीतीप्रमाणे दादाकडे लहानपणचा कागद असला, तरी चौदाव्या वर्षी पुन्हा रांग आलीच. नियम बदलत असतात, म्हणून सध्याचा नियम रुग्णालयातच विचारून घ्यावा. कागद हाती आला की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, ज्याला मुलं 'रायटर' म्हणतात तो, आणि विषयांत सूट अशा सोयी मागता येतात.

घरी शिकलेल्या मुलाने दहावी द्यायची कुठून? राज्य मंडळाचा 'सतरा नंबरचा फॉर्म' सगळ्यांना माहीत आहे, पण त्यात अभ्यासक्रम तोच आणि ओझंही तेच. या मुलांना मानवतं ते राष्ट्रीय मुक्त विद्यालय, एनआयओएस. स्थापना १९८९ ची. दहावीला वयाची चौदा वर्षं पूर्ण हवीत. पाच विषय पुरतात, त्यांत किमान एक भाषा. तीन भाषांच्या जाचातून सुटका हीच या मुलांची अर्धी दहावी असते. चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री असे विषय घेता येतात आणि माध्यम मराठीही निवडता येतं. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात. पास झालेला विषय खात्यावर जमा राहतो, म्हणून एका सत्रात दोनच विषय दिले तरी चालतं. या वर्षी गृहविज्ञान आणि चित्रकला, पुढच्या वर्षी बाकीचे, असं ठरवता येतं. पहिला विषय निघाल्यावर मुलाचं वागणं किती बदलतं, हे या घरांतले आईबाप सांगतातच. याला 'कमी दर्जाची दहावी' म्हणणारे नातेवाईक भेटतील. एनआयओएस हे केंद्र सरकारचं मान्यताप्राप्त मंडळ आहे, एवढंच त्यांना सांगावं आणि चहा द्यावा.

सगळ्यांनी मुलाला घरी आणावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. शाळेत चांगला विशेष शिक्षक असेल, मित्र असतील, बाई समजून घेत असतील, तर तिथेच राहू द्यावं. अभ्यासावरून आई आणि मुलगा यांचं बोलणंच तुटलं असेल, तर आईने त्याची शिक्षिका होणं हे उत्तर नाही. आठवड्यातून दोनदा विशेष शिक्षक लावावा आणि आईने आईच राहावं. आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्याकडे होमस्कूलिंग म्हणजे बहुतेक घरांत आईने नोकरी सोडणं असतं. बाबा 'मी गणित घेईन' म्हणतात आणि मार्चनंतर दिसत नाहीत. तीन मुलं, त्यांतल्या एकाला रोज स्वतंत्र वेळ, वर घर, हा एका माणसाचा जिम्मा नाही. बाबांच्या वाट्याला रात्रीचं वाचन आणि रविवारचं गणित कायमचं येणार नसेल, तर हा घाट घालू नये.

आणि मुलाला घराबाहेरचं जग हवं. चौदाव्या वर्षी आईबाप आणि दोन लहान भावंडं एवढ्यावर कुणाचं भागत नाही. ढोल-ताशा पथक, गणपतीचं मंडळ, ट्रेक, कबड्डी, सायकलच्या दुकानात सुट्टीतली उमेदवारी, काहीही चालेल. जिथे त्याची किंमत वाचनावरून ठरत नाही अशी एक तरी जागा आठवड्यात असावी.

हे सगळं वाचून ज्यांचं मन घरशाळेकडे झुकतं आहे, त्यांना एकच विनंती. शाळा सोडल्याचा दाखला काढायची घाई करू नका. मे महिन्याच्या सुट्टीत तिघांना घेऊन हा दिनक्रम चालवून बघा, त्याच काळात रुग्णालयाच्या तपासणीची तारीख घ्या, एनआयओएसच्या केंद्रावर जाऊन विषय आणि सवलती विचारून या. आणि दादाला विचारा. चौदा वर्षांचा आहे तो, त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय दाखल्याच्या अर्जावर सही करू नका.